‘अश्लील’ मोजता येत नाही, मग मोजायचं काय? स्त्रियांच्या चित्रणावर संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी

नेट-सेट किंवा पेट झाली की विषय शोधायची धावपळ सुरू होते. या धावपळीत मला वारंवार ऐकू येणारा विषय म्हणजे ‘प्रसारमाध्यमांतील स्त्रियांचे चित्रण : एक अभ्यास’. विषय अजिबात वाईट नाही. पण अभ्यास नेमका कशाचा करायचा, हेच या शीर्षकात नसतं. हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये. मी स्वतः तिथेच आपटले आहे.

मी मूळची प्राणीशास्त्राची. एमएस्सीच्या प्रोजेक्टला फुलपाखरांचे पंख मोजत बसायचे. पुढे पीएचडीला माध्यमांच्या अभ्यासाकडे वळले आणि पहिल्या सिनॉप्सिसचं शीर्षक दिलं, ‘जाहिरातींतील स्त्रियांचे अश्लील चित्रण’. प्रेझेंटेशनच्या वेळी समितीतल्या एका सरांनी विचारलं, “तुम्ही सायन्सच्या ना? पंख कुठून कुठपर्यंत मोजायचा हे ठरलेलं असतं. इथे कुठून कुठपर्यंत मोजणार?” मी काहीतरी पुटपुटले. शेजारच्या मॅडम म्हणाल्या, “आणि हे सगळं रोज डोळ्यांना दिसतंच आहे की. त्यात संशोधन काय?”

सिनॉप्सिस परत आला. सहा महिने गेले. तेव्हा दोघांचाही भयंकर राग आला होता. पण प्रश्न दोन्ही बरोबर होते, आणि तुम्हालाही ते विचारले जाणारच आहेत. म्हणून आज त्यांचीच उत्तरं लिहिते.

पहिली अडचण : ‘अश्लील’ हा शब्द

‘अश्लील’ हा निवाडा आहे, माप नाही. एखादं चित्र अश्लील आहे म्हणताना आपण मनातल्या मनात ‘हे छापायला नको होतं’ असंही म्हणत असतो. हा प्रश्न कायद्याचा आहे. आपल्याकडे महिलांच्या असभ्य चित्रणाला मनाई करणारा १९८६ चा कायदा आहे. स्त्रीचं शरीर असभ्य, तिला कमी लेखणारं किंवा सार्वजनिक नीतिमत्तेला बाधा आणणारं वाटेल अशा रीतीने दाखवणं त्यात येतं. पण ‘असभ्य’ कुणाच्या दृष्टीने, हा प्रश्न उरतोच.

न्यायालयांनाही या प्रश्नाने दमवलं आहे. अश्लीलता ठरवायला आपल्याकडे बरीच वर्षं १८६८ सालच्या एका इंग्लिश खटल्यातली ‘हिकलिन कसोटी’ वापरली जायची. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बाजूला ठेवून समकालीन समाजाच्या मापदंडांची कसोटी मानली. प्रकरण होतं टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची वाग्दत्त वधू यांच्या विवस्त्र छायाचित्राचं. न्यायालयाने चित्राचा संदर्भ पाहिला, त्यातला वर्णद्वेषाविरुद्धचा संदेश पाहिला आणि ते अश्लील नाही असं ठरवलं. म्हणजे अंगावर कपडा नाही तरी चित्र अश्लील नाही. आता उलट बाजू बघा. टायरच्या जाहिरातीत अंगभर साडी नेसलेली बाई गाडीवर रेलून उभी आहे, तिला ना नाव ना काम. कायदा इथे काहीच म्हणणार नाही. पण ती तिथे का आहे, हा प्रश्न आपल्याला पडायला हवा.

संशोधकाचा प्रश्न ‘यावर बंदी घालावी का’ हा नसतो. ‘चित्र बनवणाऱ्याने या व्यक्तीला कसं मांडलंय, आणि तसंच किती वेळा मांडलं जातं’ हा असतो. हा फरक पहिल्या पानावर स्पष्ट केलात तर पुढचं निम्मं भांडण टळतं.

मग शब्द कोणता घ्यायचा?

मराठीत ‘वस्तुकरण’ आणि ‘लैंगिकीकरण’ असे दोन शब्द रुळत आहेत. त्यांच्यामागे बरंच लिखाण आहे, पण सुरुवातीला तीन नावं पुरतात.

१९७५ मध्ये लॉरा मल्व्ही यांनी ‘मेल गेझ’ म्हणजे पुरुषी नजरेची कल्पना मांडली. कॅमेरा, पडद्यावरचा नायक आणि प्रेक्षक तिघेही एकाच नजरेने नायिकेकडे बघतात, असं त्यांचं म्हणणं. नायिकेच्या पहिल्या एन्ट्रीला कॅमेरा पायांपासून वर सरकत चेहऱ्यापर्यंत येतो ना, ते आठवा. १९७९ मध्ये अर्व्हिंग गॉफमन यांचं जाहिरातींवरचं पुस्तक आलं. त्यात कपड्यांपेक्षा देहबोलीवर भर आहे. कोण उभं, कोण आडवं पडलेलं, कोण वस्तू घट्ट धरतंय आणि कोण नुसतं बोटांनी कुरवाळतंय, कोणाची मान कललेली, कोणाची नजर भलतीकडेच हरवलेली. १९९७ मध्ये बार्बरा फ्रेडरिक्सन आणि टोमी-अ‍ॅन रॉबर्ट्स यांनी वस्तुकरणाचा मानसशास्त्रीय सिद्धांत मांडला. माणसाला त्याच्या शरीरापुरतं, किंवा शरीराच्या एखाद्या भागापुरतं बघणं म्हणजे वस्तुकरण. असं सतत बघितलं गेलं की बाई स्वतःकडेही बाहेरच्या नजरेने बघायला लागते, असं त्या म्हणतात.

हे झाले सिद्धांत. सरांचा प्रश्न अजून शिल्लकच आहे : कुठून कुठपर्यंत मोजायचं?

एक पट्टी आणि एक फोटो

मला याचं उत्तर पहिल्यांदा सापडलं ते डेन आर्चर आणि सहकाऱ्यांच्या १९८३ च्या पेपरमध्ये. इतकी साधी पद्धत बघून मी खुर्चीत ताठ बसले. फोटोतल्या माणसाच्या डोक्याच्या टोकापासून हनुवटीपर्यंतचं अंतर मोजायचं. मग डोक्याच्या टोकापासून फोटोत दिसणाऱ्या शरीराच्या सर्वांत खालच्या भागापर्यंतचं अंतर मोजायचं. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. झालं.

समजा चेहरा ४ सेंमी आणि दिसणारं सगळं शरीर ५ सेंमी, तर गुणोत्तर ०.८. चेहरा २ सेंमी आणि शरीर १६ सेंमी, तर ०.१२५. आकडा १ च्या जवळ म्हणजे फोटो चेहऱ्याचा, ० च्या जवळ म्हणजे फोटो अंगाचा. आर्चर यांनी अमेरिकी नियतकालिकांतले १,७५० फोटो मोजले. पुरुषांची सरासरी ०.६५ आली, स्त्रियांची ०.४५. पुढे त्याच अभ्यासमालेत त्यांनी इतर देशांतली प्रकाशनं आणि काही शतकांतली चित्रंही तपासली. पुरुष म्हणजे चेहरा आणि बाई म्हणजे अंग, हा कल तिथेही दिसला.

यात कपड्यांचा संबंधच नाही. नीतीचा नाही. संस्कृतीचा वाद नाही. माझ्याकडे पट्टी असेल आणि तुमच्याकडेही असेल, तर दोघांचं उत्तर एकच येईल. सरांना हेच हवं होतं. ‘डोळ्यांना दिसतंच’ म्हणणाऱ्या मॅडमनाही यातच उत्तर आहे. मी ही पद्धत वाचेपर्यंत हजारो फोटो पाहिले होते, पण हा फरक मला एकदाही दिसला नव्हता.

त्याच आठवड्यात मावसभावाच्या लग्नाचा अल्बम आला. नवऱ्याचे बरेच फोटो खांद्यापर्यंतचे, नवरीचे जवळजवळ सगळे पायघोळ, दागिने आणि साडीसकट. मी पट्टी घेऊन बसले तशी आई म्हणाली, “आता पाहुण्यांचं पण मोजणार का?” हसू आलं, पण नोंद करून ठेवा : एक अल्बम म्हणजे पुरावा नव्हे. तो फक्त गृहीतक सुचवतो. शिवाय साडी दाखवायची म्हणून फोटो लांबून घेतला असेल, तर तो वस्तुकरणाचा पुरावा होतो की वस्त्राच्या हौसेचा? एकाच मापावर विसंबून राहू नये ते यासाठीच.

‘हो की नाही’ पेक्षा ‘किती’

दुसरी पद्धत मोजपट्टीची नाही, गुणांची आहे. एरिन हॅटन आणि मेरी नेल ट्रॉटनर यांनी २०११ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी मासिकाच्या १९६७ ते २००९ या काळातल्या मुखपृष्ठांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हजारांहून जास्त प्रतिमा. प्रत्येक प्रतिमेला ११ निकषांवर गुण, जास्तीत जास्त २३. कपडे, स्पर्श, पोज, तोंडाची ठेवण, शरीराच्या ठरावीक भागांवर दिलेला भर, सोबतचा मजकूर, चेहरा दाखवलाय की पूर्ण शरीर, असे ते निकष. ५ किंवा अधिक गुण मिळाले तर प्रतिमा लैंगिकीकृत, त्याहून बरेच जास्त मिळाले तर अतिलैंगिकीकृत.

आता नीट बघा. २३ पैकी कपड्यांना जास्तीत जास्त ५ गुण आहेत. उरलेले १८ दुसऱ्याच गोष्टींचे. म्हणजे पूर्ण कपड्यातली प्रतिमाही वर जाऊ शकते आणि कमी कपड्यातली खाली राहू शकते.

निकाल असा : १९६० च्या दशकात पुरुषांच्या ११ टक्के प्रतिमा लैंगिकीकृत होत्या, स्त्रियांच्या ४४ टक्के. २००० च्या दशकात पुरुषांच्या १७ टक्के, स्त्रियांच्या ८३ टक्के.

इथे थांबून विचार करा. या अभ्यासात पुरुष मोजलेच नसते तर? ‘स्त्रियांचं लैंगिकीकरण वाढलं’ एवढंच कळलं असतं. मग कुणीही म्हणालं असतं, “अहो, जमानाच बदललाय, सगळ्यांचेच कपडे कमी झालेत.” पुरुषही मोजले म्हणून हा आक्षेप तपासता आला. वाढ दोन्हीकडे आहे, पण एकीकडे ६ अंकांची आणि दुसरीकडे ३९ अंकांची. आपल्या विद्यापीठांतल्या या विषयावरच्या सिनॉप्सिसमध्ये मला सर्वांत जास्त खटकणारी उणीव हीच : तुलनेला पुरुषच नसतात. प्रयोगशाळेत कंट्रोल ग्रुपशिवाय कुणी पाऊल टाकत नाही, मग इथे का टाकायचं?

भारताचा समावेश असलेलं एक उदाहरणही बघा. जीना डेव्हिस इन्स्टिट्यूटने २०१४ मध्ये ११ देशांतल्या १२० लोकप्रिय चित्रपटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बोलणाऱ्या पात्रांत स्त्रिया सुमारे ३१ टक्के. अंगप्रदर्शन करणाऱ्या कपड्यांत दाखवलेली स्त्री-पात्रं सुमारे २५ टक्के, पुरुष-पात्रं सुमारे ९ टक्के. दोन आकडे शेजारी ठेवले की दुसरीही गोष्ट कळते : आधी बायका पडद्यावर कमी, आणि ज्या आहेत त्या जास्त उघड्या. नुसते कपडे मोजले असते तर पहिला भाग निसटला असता.

दोन माणसं, एकच चित्र

गुण देणारी पद्धत घेतली की पुढचा प्रश्न येतो : मी ३ गुण देईन तिथे तुम्हीही ३ द्याल का? म्हणून किमान दोन कोडर लागतात. दोघांनी एकमेकांशी न बोलता कोडिंग करायचं आणि मग किती जुळलं ते तपासायचं.

यात एक फसगत आहे. समजा १०० चित्रं आहेत. तुम्ही २० चित्रांना ‘लैंगिकीकृत’ म्हटलं, मीही २० ना म्हटलं. त्यातली १० सारखी निघाली. दोघींनी ‘नाही’ म्हटलेली ७०. म्हणजे १०० पैकी ८० ठिकाणी एकमत, ८० टक्के! छान वाटतं ना? पण बहुतेक चित्रांना ‘नाही’च म्हणायचं असेल तर डोळे मिटून शिक्के मारले तरी बरंच जुळतं. योगायोगाने किती जुळेल ते काढू : ०.२ गुणिले ०.२, अधिक ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ०.६८. जेकब कोहेन यांच्या १९६० च्या ‘कप्पा’ या सूत्रात हा योगायोग वजा होतो : (०.८० – ०.६८) भागिले (१ – ०.६८), उत्तर ०.३७५. साधारण ०.७ किंवा ०.८ च्या वर कप्पा असावा अशी अपेक्षा असते. म्हणजे आपलं ८० टक्के एकमत प्रत्यक्षात बरंच कच्चं आहे.

माझ्या सरावाच्या कोडिंगमध्येही असंच झालं. सोबतची कोडर माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, कॉलेजात चारशे मीटर धावणारी. दोन चित्रांवर आमचं वाजलं. एक होतं लावणीच्या कार्यक्रमाचं पोस्टर. नऊवारी, अंगभर दागिने, पाठमोरी उभी राहून खांद्यावरून मागे बघणारी नर्तकी. मी जवळपास शून्य दिलं. परंपरेचा पोशाख आहे, अंगभर नेसलीय, त्यात काय? तिने पोज, शरीराच्या भागावरचा भर आणि पोस्टरवरची ओळ या तिन्हींना गुण दिले होते. दुसरं चित्र धावण्याच्या शर्यतीतल्या खेळाडूचं. तिथे मी कपड्यांचे गुण दिले आणि तिने शून्य. मी कारण विचारलं तर म्हणाली, “ताई, तो किट आहे. पळताना काय साडी नेसायची?”

मी गप्प झाले. एवढं सगळं वाचून माझी नजर दोन्ही वेळा कपड्यांवरच गेली होती. एकीकडे कपडे पुरेसे म्हणून सोडलं, एकीकडे कमी म्हणून पकडलं. कोपऱ्यावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींचे कपडे बघणाऱ्यांत आणि माझ्यात फरक फक्त एक्सेल शीटचा उरला होता.

मग कोडबुक पुन्हा लिहिलं. ‘कपडे’ या निकषात वाक्य घातलं : त्याच कामातला किंवा खेळातला पुरुष जे घालतो त्याच्याशी तुलना करा. ‘पोज’मध्ये लिहिलं : चित्रातली व्यक्ती जे काम करतेय त्यासाठी ही पोज गरजेची आहे का? नृत्यासाठी वेगळा नियम केला : नृत्याची मुद्रा मोजू नका, पोस्टर बनवणाऱ्याने कुठे कापलंय, कलावंताचं नाव छापलंय का आणि मजकुरात काय लिहिलंय ते मोजा. आणि सगळ्यात वर ठळक अक्षरात एक सूचना टाकली : गुण चित्राला द्यायचे, बाईला नाही. लावणी कलावंत आपल्या कलेकडे कशी बघते, तिला त्यात काय मिळतं, हे पोस्टर मोजून कळत नाही. ते तिला विचारावं लागतं, आणि तो वेगळा अभ्यास.

चित्र आणि बाई वेगळी का ठेवायची, याचं एक ठळक उदाहरण २०१४ मधलं आहे. एका इंग्रजी दैनिकाच्या मनोरंजन विभागाने दीपिका पदुकोणच्या शरीराकडे बोट दाखवणारं ट्वीट केलं आणि तिने जाहीरपणे सुनावलं. कार्यक्रमाला ती नेहमीच्या कपड्यात आली होती. कुठल्या कोनातलं दृश्य निवडायचं, त्यावर कुठले शब्द लिहायचे, हे तिने ठरवलं नव्हतं. आपल्याला मोजायचीय ती ही निवड.

चित्र मोजलं म्हणजे परिणाम कळला का?

नाही. सिनॉप्सिसमध्ये ‘माध्यमांतील चित्रणाचा समाजावर परिणाम’ असं लिहून नुसती चित्रं मोजली, तर समिती तिथेच पकडेल. आशय विश्लेषणातून फक्त काय दाखवलं जातं ते कळतं. परिणामासाठी माणसांवर अभ्यास करावा लागतो.

फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांचा १९९८ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थी-विद्यार्थिनींना एकेकट्याने बंद खोलीत स्विमसूट किंवा स्वेटर घालायला सांगितलं, आरशात बघायला लावलं आणि मग गणिताची परीक्षा घेतली. स्विमसूटमधल्या मुलींचे गुण स्वेटरमधल्या मुलींपेक्षा कमी आले, मुलांत असा फरक दिसला नाही. खोलीत त्यांच्याकडे बघणारं कुणीही नव्हतं. बघणारी नजर डोक्यातच होती.

पण प्रयोग प्रसिद्ध आहे म्हणून डोळे झाकून घेऊ नका. २०१२ मध्ये एक पेपर गाजला. माणसाचं चित्र उलटं केलं की ओळखायला अवघड जातं, वस्तूंचं तितकं जात नाही. या पेपरमध्ये लैंगिकीकृत पुरुषांची चित्रं उलटी ओळखायला अवघड गेली, स्त्रियांची मात्र सुलट-उलट सारखीच ओळखता आली. म्हणजे मेंदू अशा बाईला वस्तूसारखी बघतो, असा निष्कर्ष निघाला. बातम्यांना मसाला मिळाला. पुढे टीकाकारांनी दाखवलं की वापरलेल्या चित्रांतच गडबड होती. स्त्रियांच्या पोज जास्त वेड्यावाकड्या, असममित होत्या, त्यामुळे त्या ओळखायला मुळातच सोप्या. २०१५ मध्ये हे पुन्हा तपासलं गेलं तेव्हा हाच असममितपणा महत्त्वाचा ठरला. आपल्याला पटणारा निष्कर्ष असला की आपण पद्धत नीट तपासत नाही. पटणारा पेपर दोनदा वाचायची सवय लावून घ्या.

सुरुवात करणाऱ्यांसाठी

प्रश्न छोटा ठेवा. ‘माध्यमं’ नको, ‘दोन मराठी दैनिकांच्या पुरवण्यांतले खेळाडूंचे फोटो’ चालेल. सलग सात दिवसांचे अंक घेऊ नका, त्या आठवड्यात एखादी मोठी स्पर्धा असली तर सगळंच बिघडतं. एका आठवड्यातला सोमवार, दुसऱ्यातला मंगळवार, असा ‘जुळवलेला आठवडा’ घ्या. नुसते रविवारचे अंकही नकोत, पुरवण्यांमुळे आकडा फुगतो. पुरुष मोजा. टक्क्यांसोबत एकूण संख्या लिहा. प्रसिद्ध नसलेल्या व्यक्तींचे सोशल मीडियावरचे फोटो परवानगीशिवाय उचलू नका. आणि प्रबंधात उदाहरण म्हणून चित्र छापण्याआधी, शब्दांत वर्णन करून भागतंय का ते बघा. ज्यावर टीका करतोय तेच आपण पुन्हा वाटत फिरायचं नाही.

माझा दुसरा सिनॉप्सिस मंजूर झाला. शीर्षकात ‘अश्लील’ नव्हतं. प्रेझेंटेशनला तेच सर होते. त्यांनी पुन्हा विचारलं, “कुठून कुठपर्यंत?” मी पहिल्या स्लाइडवर बोट ठेवलं, “डोक्याच्या टोकापासून हनुवटीपर्यंत, सर.” ते हसले आणि लगेच पुढचा प्रश्न टाकला : टोपी किंवा फेटा घातला असेल तर टोक कुठलं? तेही आता कोडबुकमध्ये आहे.

तुमचा प्रश्न काय आहे ते एका वाक्यात लिहून पाहा. लिहिता आला, तर पट्टी घ्या आणि कालच्या पेपरातल्या दहा फोटोंवर चालवून बघा.